पुढच्या बैठकीवर, उलट तोंडाने

ताई, माझं वय ५६. गेली अकरा वर्षं मी आणि माझे यजमान दरवर्षी एकदा कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती उघडी होडी, घेऊन रानातल्या तलावांवर जातो. ते मागे बसतात, मी पुढे. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. सपाट जागी ते छान चालतात, पण दगडधोंड्यांतून होडी खांद्यावर घेऊन जाणं आता संपलं. या वर्षी मला एकटीने जायचंय. पाच दिवसांची रजा आहे, मार्ग आमचा नेहमीचाच पाच दिवसांचा, होडीही आमचीच, ३२ किलोची. हंगामाच्या अगदी शेवटी जाईन म्हणते, तेव्हा कुणी नसतं. यजमान तोंडाने ‘जा’ म्हणतात आणि रात्री उठून नकाशा बघत बसतात. मुलगी म्हणते, या वयात हे असलं धाडस म्हणजे निव्वळ स्वार्थ. आणि खोटं कशाला बोलू, मला अस्वलांची भीती वाटते. मी हट्टीपणा करतेय का?
– पुढे बसणारी

हट्ट आहेच, त्यात लपवायचं काय? एकटीने जायचा हट्ट मला मान्य आहे. पण तुमच्या पत्रात दुसराही एक हट्ट आहे, पाच दिवसांच्या रजेत पाच दिवसांचा मार्ग पुरा करायचा. तो तुम्ही इतक्या सहज लिहिलाय की तुम्हाला तो हट्ट वाटलाही नसेल. मला अस्वलापेक्षा त्याची भीती जास्त वाटते. त्याकडे येतेच.

आधी तुमची दुसरी एक ओळ. ‘ते मागे बसतात, मी पुढे.’ कनूत पुढचा माणूस जोर लावतो आणि पाण्याखालचे दगड बघतो, होडी वळवतो तो मागचा. म्हणजे अकरा वर्षं तुम्ही वल्हवलंत खूप, पण होडी वळवली नाहीत. (यात संसाराचं रूपक शोधू नका. मी वल्ह्याबद्दलच बोलतेय.) आणि बहुतेकजण इथेच पहिली चूक करतात. एकटं जायचं म्हटलं की दोघांच्या होडीत मागच्या बैठकीवर जाऊन बसतात, कारण सुकाणू तिकडे. मग मागचं टोक पाण्यात रुततं आणि पुढचं हवेत उचललं जातं. शाळेच्या भूगोलातला वातकुक्कुट आठवतोय? तसंच होतं. वाऱ्याची झुळूक आली की हलकं टोक ढकललं जातं, होडी गर्रकन फिरते आणि तुम्ही कितीही वल्हं मारलंत तरी ती सरळ येत नाही.

त्यावरचा उपाय गमतीचा आहे. तुम्ही तुमच्या पुढच्याच बैठकीवर बसायचं, फक्त तोंड उलटीकडे करून. ही बैठक होडीच्या मध्यापासून मागच्या बैठकीपेक्षा जवळ असते, आणि जिची दोन्ही टोकं सारखी आहेत अशी कनू कुठल्याही दिशेने तितकीच चांगली चालते. तुमची तशी आहे ना, हे मात्र आधी बघून घ्या. म्हणजे जागा तुमचीच, पण आता समोर अख्खी होडी आणि सुकाणू तुमच्या हातात. सामानाच्या पिशव्या आपल्या पुढे ठेवायच्या. समोरून वारा असेल तर जड पिशवी आणखी पुढे सरकवायची, पाठीमागून असेल तर जवळ ओढायची. लाटा असतील तेव्हा बैठकीवर बसायचं नाही. गुडघे टेकून बुड बैठकीच्या कडेला नुसतं लावायचं. वजन खाली आलं की तीच होडी वेगळीच वागते. गुडघ्यांखाली जाड फोमचा तुकडा घ्या, अर्ध्या तासात दुवा द्याल.

आता सुकाणू. तुम्ही नेहमीसारखं उजवीकडून वल्हं मारलंत तर होडी डावीकडे वळणार. दर दोन फटक्यांनी बाजू बदलत राहिलं तरी जाता येतं, पण दिवसभर तसं केलं की मांडीवर पाणी गळतं आणि डोकं फिरतं. त्यापेक्षा ‘जे-स्ट्रोक’ शिका, इंग्रजी J अक्षरासारखा फटका. वल्हं नेहमीसारखं मागे ओढायचं आणि ते कंबरेपाशी आलं की पातं वळवून किंचित बाहेर ढकलायचं. खूण एकच, वरच्या हाताचा अंगठा शेवटी पाण्याकडे वळलेला हवा. तो आकाशाकडे असेल तर तुम्ही होडी वळवत नाही, तिला ब्रेक लावताय. मला हे समजायला एक दुपार लागली आणि अंगवळणी पडायला दोन हंगाम.

शिकवायला घरातच माणूस आहे. शांत तलावावर, जिथे गाडीतून होडी थेट पाण्यात उतरवता येते, तिथे यजमानांना पुढे बसवा आणि तुम्ही मागे बसा. त्यांना अट एकच घाला, तोंडातून शब्द काढायचा नाही. होडी वाकडी गेली तर जाऊ दे, झुडपात शिरली तर शिरू दे. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की मग ते काठावर आणि तुम्ही एकट्या, उलट तोंडाने. (पोर्टेज, म्हणजे होडी उचलून जमिनीवरून न्यायची वाट, नसलेल्या एखाद्या मोठ्या तलावावर तुम्ही दोघं अजूनही मजेत जाऊ शकता, हे मला दिसतंय. पण तुम्ही ते विचारलेलं नाही, आणि मला वाटतं मुद्दामच विचारलेलं नाही.)

आता तो दुसरा हट्ट. माझीच गोष्ट सांगते. मी ४१ वर्षांची होते आणि एकटीच्या सफरीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी परतते असं घरी कबूल केलं होतं. मध्ये एकच तलाव उरला होता, दोनेक किलोमीटर रुंद. सकाळी उठले तेव्हाच लाटांवर पांढरा फेस दिसत होता. अकरापर्यंत काठावर बसले. वारा पडेना. बसल्या बसल्या मनात हिशेब चालू होता, आत्ता निघाले तर चारला पोचेन, अजून थांबले तर अंधार होईल. आणि मी निघाले. अर्ध्यावर गेल्यावर कळलं की होडी पुढे जात नाही आणि मागेही वळवता येत नाही. वळवायला गेले तर लाट आडवी बसणार. गुडघ्यावर बसून, दात ओठ खाऊन, मी जवळपास तीन तास नुसती वाऱ्याला तोंड करून वल्हवत राहिले आणि शेवटी भलत्याच काठाला लागले. उतरल्यावर पाय इतके थरथरत होते की उभं राहता येईना. होडीत घोट्यापर्यंत पाणी होतं. ते कधी आलं, मला कळलंच नव्हतं.

त्या दिवशी मला घाई कोणी केली? घरच्यांनी नाही. ती घाई तारखेची होती. दोघं असतात तेव्हा एकजण म्हणतो ‘चल, जाऊ या’ आणि दुसरा म्हणतो ‘थांब जरा’. एकटीला ते दुसरं वाक्य म्हणायला कुणी नसतं, म्हणून ते निघायच्या आधीच वेळापत्रकात लिहून ठेवावं लागतं. तेव्हा पाच दिवसांची रजा असेल तर तीन दिवसांचा मार्ग घ्या. उरलेले दोन दिवस वाऱ्याचे. वारा आला नाही तर ते तुमचे, बसा काठावर पाय सोडून. नेहमीचा मार्ग या वर्षी सोडून द्या, किंवा त्याचा अलीकडचा निम्माच करून त्याच वाटेने परत या.

वारा बहुधा सकाळी निजलेला असतो, दुपारी चढतो आणि संध्याकाळी उतरतो. म्हणून उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं आणि दुपार व्हायच्या आत तंबू ठोकायचा. मोठा तलाव सरळ कापायचा नाही, कडेकडेने जायचं, वाट दुप्पट झाली तरी. ढग गडगडले की लगेच काठ गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही.

निम्मा मार्ग सांगण्याचं आणखी एक कारण पोर्टेज आहे. दोघं असताना तुम्ही एका खेपेत सगळं पलीकडे नेत असाल. एकटीला आधी सामान न्यायचं, मग रिकाम्या हाताने परत यायचं, मग होडी न्यायची. म्हणजे एक किलोमीटरच्या वाटेचे तीन किलोमीटर, आणि त्यांतले दोन ओझ्यासकट. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बाउंडरी वॉटर्स या रानात, जिथे हजाराहून जास्त तलाव आहेत, पोर्टेजची लांबी अजून ‘रॉड’मध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा, आणि ३२० रॉडचा एक मैल. एकटीने असा एक मैल पार करताना कनू खांद्यावर घेतली की ते एकक तिथे अजून का टिकलंय ते आपोआप कळतं.

आणि ती ३२ किलोची होडी घरीच ठेवा. सरावाला ती उत्तम आहे, सफरीला नाही. मुलीने ‘या वयात’ म्हटलंय ना, तिला जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्सबद्दल सांगा. १८८३ साली, ६१ व्या वर्षी, हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक रानातल्या तलावांतून एकटा २६६ मैल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, फिरला. अंगाने किडकिडीत, त्यात क्षयाचा रोगी. जे. हेन्री रश्टन नावाच्या कारागिराकडून त्याने नऊ फुटांची होडी करवून घेतली होती आणि तिचं वजन होतं साडेदहा पौंड, पाच किलोच्याही आत. शरीर बदलणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने होडी बदलली. तेवढी हलकी तुम्हाला नको, पण एकट्यासाठी बनवलेली केव्लार या हलक्या, चिवट धाग्याची कनू १५ ते १८ किलोची मिळते. भाड्याने घ्या. तिच्यात बैठक मध्याजवळ असते, मग उलटं बसायचीही गरज नाही. उचलताना मात्र घाई नको. आधी मांडीवर, मग खांद्यावर, आणि एक टोक झाडाच्या फांदीला टेकवून श्वास घ्यायला लाजू नका. पाठ धरली तर रानात ती कुणी चोळून देणार नाही.

हंगामाच्या शेवटी जायचं मला पटत नाही. माणसं नसतात हे खरं, पण पाणी गार झालेलं असतं. हंगामाच्या सुरुवातीला तर जास्तच फसगत होते. वर ऊन मस्त आणि पाणी नुकतंच बर्फातून सुटलेलं. उन्हाळा सरता सरता, पाणी सर्वांत कोमट असतं तेव्हा जा, आणि शांतता हवी तर आठवड्याच्या मधल्या दिवशी निघा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं ते अनेक वर्षं अभ्यासलं. त्यांचा १-१०-१ चा हिशेब पाठच करा. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात येत नाही, माणूस धापा टाकतो आणि तोंडात पाणी जातं. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर बोटं दोरीसुद्धा धरत नाहीत. थंडीने शुद्ध हरपायला मात्र साधारण १ तास लागतो. पण तो तास मिळतो लाइफ जॅकेट अंगात असेल त्यालाच. होडीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे सामान. पडल्यावर ते घालता येत नाही, प्रयत्न करून पाहिलेली माणसं मला माहीत आहेत.

दोन होड्या असतात तेव्हा उलटलेली कनू दुसरीवर आडवी ओढून पाणी काढतात आणि पाच मिनिटांत माणूस परत आत जातो. एकटीला ते नाही. खोल पाण्यात भरलेल्या कनूत एकटीने परत चढणं जवळजवळ अशक्य समजा. म्हणून काठ सोडायचा नाही, हे मी वर वाऱ्यासाठी सांगितलं तेच इथेही.

मुलीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. चित्रकार टॉम थॉमसन ८ जुलै १९१७ रोजी कॅनडाच्या अल्गॉन्क्विन पार्कमधल्या कनू लेकवर एकटा निघाला. पाणी, रान, होडी, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. उलटी तरंगणारी होडी त्याच दिवशी दिसली, तो सापडला आठ दिवसांनी. बुडून मेला अशी नोंद झाली, पण नेमकं काय घडलं यावर लोक शंभर वर्षं वाद घालताहेत, कारण बघायला कुणी नव्हतं. तुमच्या मुलीला हीच भीती आहे. ‘स्वार्थ’ हा शब्द तिला सापडला, कारण ‘मला झोप लागणार नाही’ म्हणणं अवघड असतं.

तिला समजावत बसू नका, काम द्या. नकाशाची प्रत तिच्या हातात द्या. रोजचा मुक्काम कुठे, वारा लागला तर कुठे थांबणार, कुठून बाहेर पडणार, तंबूचा रंग कोणता, सगळं त्यावर लिहा. दोन्हीकडून निरोप जाईल असं उपग्रह-यंत्र घ्या आणि रोज संध्याकाळी एक ठरलेला निरोप पाठवा. पण एक संध्याकाळ निरोप आला नाही तर तिने काहीही करायचं नाही, हेही लिहून द्या. दाट झाडीत निरोप अडकतो, बॅटरी संपते. ‘परतीच्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत काहीच कळलं नाही तर या क्रमांकावर फोन कर’ असं नेमकं वाक्य हवं. घाबरायची वेळ ठरलेली असली की बाकीच्या वेळी माणूस कमी घाबरतो. आणि तुमच्याही डोक्यावर ‘आज पोचलंच पाहिजे’ हे ओझं राहत नाही. माझ्या त्या अकरा वाजताच्या हिशेबात हीच वेळ लिहिलेली नव्हती.

शिवाय ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन. तो कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-यंत्रणेला थेट संकेत देतो. या यंत्रणेने १९८२ पासून माणसं वाचवली आहेत. त्याला वर्गणी लागत नाही, पण आपल्या नावावर नोंदवावा लागतो आणि चालू केला की निदान २४ तास संकेत देत राहतो. तो आणि शिट्टी जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेली. पिशवीत नाही. पिशवी होडीबरोबर जाते, तुम्ही जॅकेटबरोबर राहता.

अस्वलं. काळं अस्वल तुमच्यासाठी येत नाही, वासासाठी येतं. खायचं, टूथपेस्ट, साबण, सगळं एका पिशवीत भरून तंबूपासून लांब टांगा. जमिनीपासून साडेतीन-चार मीटर उंच, खोडापासून दोनेक मीटर लांब. त्या भागात बंद डबाच हवा असा नियम असेल तर डबा घ्या. तंबूत बिस्किटाचा तुकडासुद्धा नको. बस. पिशवी कुरतडायला अस्वलाच्या आधी उंदीर येईल.

रात्रीची भीती वेगळी. पहिल्या रात्री सगळेच आवाज मोठे होतात. मी एकदा तंबूत नुकतीच आडवी झाले होते आणि जवळच पाण्यात धप्पकन आवाज आला, कुणीतरी डोक्याएवढा धोंडा फेकावा तसा. मग शांतता. मग परत धप्प. मी टॉर्च मुठीत धरून, श्वास रोखून पडून राहिले आणि काठावर माणूस उभा आहे अशी माझी खात्री पटली. सकाळी कुरतडलेल्या फांद्या बघितल्या तेव्हा उलगडा झाला. बीव्हर होता, पाण्यात राहून झाडं कुरतडणारा प्राणी. माझ्या वासाने बिथरून शेपटी आपटत होता, म्हणजे भ्यालेला तो होता. लून पक्ष्याची हाकही पहिल्या रात्री बाईच्या रडण्यासारखी वाटते, तिसऱ्या रात्री ती ऐकू आली नाही तर चुकल्यासारखं होतं. पहिला मुक्काम मात्र गाडीरस्त्याच्या टोकाला करू नका. तिथे अस्वलापेक्षा माणसांचं येणंजाणं जास्त.

कुऱ्हाड नेऊ नका, घडीची करवत पुरते. पाणी खळखळून एक मिनिट उकळा. ज्या खळाळातून दोघं जात होतात तिथे उतरा आणि चालत जा. त्यात कमीपणा नाही, आणि बघायलाही कुणी नाही.

निघायच्या आधी एक काम उरतं. कोमट, उथळ पाण्याचा दिवस निवडा. यजमान आणि लेक दोघांनाही काठावर बसवा. रानात घालाल तेच कपडे, तेच बूट, वर जॅकेट. काठापासून पन्नास मीटरवर जा आणि होडी मुद्दाम उलटी करा. वल्हं सोडायचं नाही, होडीच्या टोकाची दोरी हातात घ्यायची आणि होडीसकट पोहत काठाला यायचं. लेकीला घड्याळ लावायला सांगा. किती मिनिटं लागली तो आकडा मला कळवा. दहाच्या वर गेला, तर पन्नास मीटरसुद्धा तुमच्यासाठी लांब आहेत.